लेसरचा चष्मा निवडताना

१९६० साली थिओडोर मेमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने माणकाच्या कांडीतून जो लेसर किरण प्रथम निर्माण केला, त्याचे वंशज आज डोंबिवलीसारख्या औद्योगिक वसाहतींत पत्रा कापण्याची आणि धातूवर अक्षरे कोरण्याची कामे करीत आहेत. परंतु त्या यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या कामगारासाठी चष्मा घेताना, काच जितकी काळी तितका डोळा सुरक्षित, हा वेल्डिंगच्या अनुभवातून रुजलेला समज प्रमाण मानणे घातक आहे.

लेसरच्या चष्म्याची काच ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश अडविते. धातू कापणाऱ्या फायबर लेसरची तरंगलांबी सुमारे १०७० नॅनोमीटर असते. हा किरण दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि तरीही डोळ्याचे भिंग त्याला दृष्टिपटलावर एकवटते, जेथील इजा बहुधा कायमची ठरते. लाकूड व अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. तो बुबुळावरील पारदर्शक पडदाच भाजतो. त्यासाठी चालणारा पांढरा पॉलिकार्बोनेटचा चष्मा फायबर लेसरचा किरण मात्र बिनदिक्कत आत सोडतो. हिरव्या लेसरपुरत्या बनविलेल्या नारिंगी काचेचीही पुष्कळदा हीच गत असते.

यास्तव तरंगलांबी, शक्ती, आणि किरण अखंड आहे की स्पंदांनी येतो, हा तपशील यंत्राच्या दस्तऐवजांवरून पाहून पुरवठादारास लेखी कळवावा. चष्म्यावर तरंगलांबीचा पल्ला आणि ‘ओडी’चा (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे किरण अडविण्याच्या क्षमतेचा) आकडा छापलेला असतो, ओडी ३ म्हणजे हजारातील एक भाग आत येतो, ओडी ६ म्हणजे दहा लाखांतील एक. काच थेट किरणाचा मारा कितपत सोसते, हे ‘ईएन २०७’ या युरोपीय मानकाच्या दाखल्यावरून कळते. मात्र ज्यातून हातातले काम धड दिसत नाही, असा चष्मा अखेर कपाळावर चढतो. तेव्हा काचेतून पुरेसा उजेड येतो का, बाजू झाकल्या जातात का, आणि नंबरच्या चष्म्यावर तो बसतो का, याचीही खातरजमा करावी.

किरणाला बंदिस्त आवरण घालणे ही पहिली खबरदारी, चष्मा ही शेवटची. तो लावूनही किरणाकडे रोखून पाहू नये. आणि कारखानदारांना माझी विनंती एवढीच, की ज्या चष्म्यावर तरंगलांबी व ओडी छापलेली नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी कामगाराच्या हाती देऊ नका.