गेटवरचे बोलणे

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सुरक्षारक्षक आणि सभासद यांच्या एकत्रित सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर केला आहे.)

आज मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलेल्या आपल्या सुरक्षारक्षक बंधूंनो,

दोघे जण अजून उभेच आहेत. बसा हो. त्या खुर्च्या तुमच्यासाठीच मांडल्या आहेत. आज कुणी गाडीचा हॉर्न वाजवला तर वाजवू दे, गेटवर आपल्या समितीचे दोन तरुण सदस्य उभे आहेत. त्यांनाही कळू दे जरा, उन्हात उभं राहणं म्हणजे काय ते.

समितीने मला विषय दिला, ‘सुरक्षारक्षकांनी पाहुण्यांशी सौजन्याने कसे बोलावे’. मी म्हटलं, बोलतो, पण एक अट आहे. सभासदही समोर बसले पाहिजेत. नुसतं वॉचमनना बसवून उपदेश करायचा असेल तर दुसरा वक्ता बघा. सेक्रेटरी मोठ्या मनाने हो म्हणाले, म्हणून आज हा सगळा हॉल भरलेला दिसतो आहे. (नंतर वडा-सांबार आहे, हेही एक कारण असेल.)

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीच वर्षे शाखाधिकारी म्हणून. शाखाधिकाऱ्याच्या केबिनमधून काचेतून दार दिसतं. त्यामुळे दारातला माणूस लोकांशी कसा बोलतो, हे मी इतकी वर्षे रोज पाहिलं. बँकेत आलेल्या माणसाला पहिला भेटतो तो मॅनेजर नाही आणि कॅशियरही नाही. पहिला भेटतो तो खांद्यावर बारा बोअरची बंदूक घेतलेला गार्ड. त्याने दारात तोंड वाकडं केलं, की पुढे आम्ही काउंटरवर कितीही गोड बोललो तरी तो ग्राहक चिडलेलाच असायचा.

कोकणातल्या एका शाखेत आमच्याकडे एक निवृत्त सुभेदार होते. त्या काळी कॅशची वेळ दहा ते दोन. दोन वाजले की लोखंडी जाळीचं दार अर्धं ओढून घ्यायचं आणि आतल्यांना एकेक करून सोडायचं. दोन वाजून तीन मिनिटांनी कुणीतरी धापा टाकत येणारच, एस.टी. उशिरा आलेली असायची. दुसऱ्या शाखांतले गार्ड म्हणायचे, ‘टाइम संपला. उद्या या.’ झालं, दार बंद. आमचे सुभेदार दार उघडत नसत, बरं का! ते अजिबात उघडत नसत. पण ते म्हणायचे, ‘कॅश मोजायला घेतली आहे, आता साहेबांच्याही हातात नाही. पासबुक भरायचं असेल तर द्या, मी आत देतो. पैसे काढायचे असतील तर सकाळी दहाला या, तुमचा पहिला नंबर.’ आणि दुसऱ्या दिवशी खरोखर तो माणूस आला की त्याला ओळखून पुढे घ्यायचे.

नियम दोघांचा एकच होता, दार दोघांनीही उघडलं नाही. पण एका ठिकाणी माणूस शिव्या देत परत जायचा आणि दुसरीकडे ‘सुभेदार, येतो उद्या’ म्हणून जायचा. फरक कशात होता? सुभेदार नाही म्हणताना कारण सांगायचे आणि पुढे काय करता येईल तेही सांगायचे. माणसाला ‘नाही’चा राग येत नाही हो. त्याला हाकलून दिल्यासारखं वाटलं, की राग येतो.

आता बँकेत हेल्मेट घालून आत येऊ देत नाहीत. ‘ए, हेल्मेट काढ’ हेही सांगणंच आहे आणि ‘कॅमेऱ्यात चेहरा दिसावा लागतो, हेल्मेट हातात घ्याल का?’ हेही सांगणंच. दुसऱ्या वाक्याला तीन सेकंद जास्त लागतात. तेवढी आपल्याकडे असतात.

आता आपल्या गेटकडे येतो.

आपल्याकडे पाहुणा आला की पहिला प्रश्न येतो, ‘कुठं चाललात?’ आता ज्यांची मुळं गावाकडं आहेत त्यांना माहीत आहे, निघालेल्या माणसाला ‘कुठं’ विचारायचं नसतं. माझी आजी चिडायची. विचारायचंच असेल तर ‘लांब निघालात का?’ असं विचारायचं. तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. झालं असेल. पण ‘कुठं चाललात?’ ह्या प्रश्नात ‘तुम्हाला इथं कुणी बोलावलंय?’ असा एक वास येतो. त्याऐवजी ‘नमस्कार, कुणाकडे जायचंय?’ असं विचारा. यात आपण गृहीत धरतो की समोरचा कुणाचा तरी पाहुणा आहे. माहिती तीच मिळते.

आपले निम्मे रक्षक हिंदी बोलणारे आहेत आणि इथे एक गंमत होते. आपण मराठी माणसं मराठीत ‘तुम्ही’ म्हणतो आणि हिंदी बोलायला लागलो की त्याचं सरळ ‘तुम’ करतो. ‘तुम किधर था कल रात को?’ आपल्या मनात अपमान नसतो, पण बिहार-उत्तर प्रदेशकडच्या माणसाला वडीलधाऱ्यांकडून आणि परक्यांकडून ‘आप’ ऐकायची सवय. त्याला ते ‘तुम’ टोचतं. मग त्याने एखाद्या पाहुण्याला तसंच ‘किधर जाना है तुमको’ म्हटलं की आपण समितीकडे तक्रार करतो. तो ही भाषा आपल्याकडूनच शिकला! तेव्हा भगिनींनो आणि बंधूंनो, आजपासून ‘आप’. आणि रक्षकांसाठी: मराठीत सगळ्यांना ‘तुम्ही’. नातं लावायचं तर ‘दादा’, ‘ताई’, ‘काका’ चालेल. ‘आजी’ म्हणायची घाई करू नका. माझ्या हिलाच परवा कुणी आजी म्हणालं, दोन दिवस घरात वातावरण गंभीर होतं.

आता एक कटू गोष्ट बोलतो. मागच्या वर्षी आपल्या एका सभासदांचे मामा गावाहून आले. धोतर, टोपी, हातात भाजीची पिशवी, पायात झिजलेल्या वहाणा. त्यांना गेटवर अर्धा तास उभं केलं. इंटरकॉम लागत नव्हता आणि मामांकडे मोबाइल होता, पण त्याची बॅटरी संपलेली. त्याच अर्ध्या तासात तीन मोठ्या गाड्या आत गेल्या. एकीलाही थांबवलं नाही, उलट सलाम ठोकला. मामा परत जायला निघाले होते. भाची नेमकी खाली आली म्हणून बरं. मामा तिला एवढंच म्हणाले, ‘तुमच्याकडं चालत येणाऱ्याला रस्ता न्हाई वाटतं.’

त्या रक्षकावर सगळे तुटून पडले. मी मात्र त्याच्याशी शांतपणे बोललो. तो म्हणाला, ‘साहेब, दोन महिन्यांपूर्वी एक गाडी थांबवली, नाव विचारलं. ते एका मेंबरचे पाहुणे निघाले. मेंबरने एजन्सीला फोन केला. माझ्या जोडीदाराची आठवड्यात बदली झाली. तेव्हापासून गाडीवाल्याला आम्ही विचारत नाही.’

म्हणजे हा उद्धटपणा कुठून आला, बघा. ज्याला नोकरीची भीती आहे तो बलवानापुढे वाकतो आणि दुबळ्यावर जोर काढतो. आपणच त्याला शिकवलं की कपडे आणि गाडी बघून ठरव. आणि हे नुसतं असभ्य नाही, धोक्याचंही आहे. बँकेत आम्हाला एक गोष्ट पक्की माहीत होती. फसवणारा माणूस कधी मळक्या कपड्यांत येत नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून, मोठ्याने बोलत, साहेबांचं नाव घेत आत येतो. तुमच्या दारावरच्या पाटीचं नाव वाचायला कितीसा वेळ लागतो? म्हणून सगळ्यांना एकच प्रश्न, एकाच आवाजात. धोतरवाल्या मामांना, गाडीवाल्याला, पार्सल घेऊन आलेल्या मुलाला आणि मी बाहेरगावचा पाहुणा घेऊन आलो तर त्यालाही. असं केलं की कुणाचाच अपमान होत नाही.

आणि सभासदहो, तुमच्या पाहुण्याला थांबवलं म्हणून एजन्सीला फोन करायचा नाही. तक्रार असेल तर सेक्रेटरींकडे लेखी द्या, समिती दोन्ही बाजू ऐकेल. हा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. अनुमोदक मिळाले आहेत. विरोध करणाऱ्यांनी तयारी करून यावं.

पार्सलवाल्या मुलांबद्दल दोनच शब्द. त्यांना वेळेचा काटा टोचत असतो. त्यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा ‘कुठल्या फ्लॅटला, दादा?’ विचारून लिफ्ट दाखवा. पावसात भिजत आला असेल तर केबिनच्या छपराखाली घ्या.

आता ज्यासाठी मी खरं तर हे भाषण स्वीकारलं, ते सांगतो.

आपल्या रजिस्टरमध्ये एक रकाना आहे, ‘भेटीचे कारण’. बहुतेक लोक ‘वैयक्तिक’ लिहितात. थंडीत बी विंगमध्ये एक दुःखद घटना घडली. त्या रात्री अकराच्या सुमाराला गावाहून एक जीप आली. त्यात सात-आठ माणसं, दोन बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. आता या माणसांनी त्या रकान्यात काय लिहायचं? त्यांनी ते उच्चारायचं तरी कसं? त्या रात्री ड्यूटीवर असलेले आपले रक्षक आज इथेच बसले आहेत. त्यांचं नाव घेत नाही, ते संकोचतील. त्यांनी रजिस्टर मिटलं. टॉर्च हातात घेतली, जीप आत घेतली आणि ‘या, मी दाखवतो’ म्हणून स्वतः लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट धरून ठेवली. सगळे वर गेल्यावर परत येऊन गाडीचा नंबर लिहिला आणि पुढे ‘बी विंग’ एवढंच.

त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पण त्यांना माहीत होतं, कारण संध्याकाळी पाळी बदलताना आधीच्या रक्षकाने त्यांना सांगितलं होतं की अमुक घरी असं झालं आहे, माणसं येतील. पाळी बदलताना एवढी दोन वाक्यं एकमेकांना सांगणं फार महत्त्वाचं आहे. कुणाकडे दुःख झालंय, कुणाकडे लग्नाची गडबड आहे, कोण आजारी आहे. अँब्युलन्स आली तर काहीच विचारायचं नाही; गेट पूर्ण उघडायचं, समोरच्या गाड्या हलवायच्या, एकाने लिफ्ट खाली आणून धरायची.

तो ‘भेटीचे कारण’ रकाना काढून टाका, अशी माझी समितीला विनंती आहे. नाव, फ्लॅट, गाडीचा नंबर, वेळ. बस. आणि मोबाइल नंबर घ्यायचाच असेल तर रजिस्टर उघडं ठेवू नका. आज कुणीही पाहुणा सही करता करता वरच्या वीस जणांचे, त्यातल्या लेकीबाळींचेही नंबर वाचू शकतो. आमच्या बँकेत एका ग्राहकाचं खातं दुसऱ्याला दिसू नये म्हणून आम्ही लेजर उलटं फिरवत नसू. गेटवरही लिहायचं काम रक्षकाने करावं, पाहुण्याने सांगावं.

सरकारनेही या बोलण्याचा विचार केलेला आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ साली कायदा झाला. त्याखाली २००६ मध्ये केंद्राने जी आदर्श नियमावली काढली, तिच्यात रक्षकाला किमान १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण सांगितलं. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ४० आणि १६ तास. त्या अभ्यासक्रमात अगदी पहिला विषय कुठला ठेवला, ठाऊक आहे? लोकांमधलं वर्तन आणि गणवेश नीट घालणं. आग विझवणं, गर्दी आवरणं हे सगळं त्यानंतर. एजन्सीचं कंत्राट नव्याने करताना समितीने हे प्रशिक्षण झालं आहे का, त्याचा दाखला मागावा. आणि रक्षक बंधूंनो, तुम्हाला पोलिसांचे अधिकार नाहीत हेही लक्षात ठेवा. कुणी ऐकलंच नाही, दंगा केला, तर अंगाला हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही. समितीला फोन करायचा, वेळ पडली तर ११२.

एक शेवटचा मुद्दा, थोडा घरगुती. बारा तास उभ्या असलेल्या माणसाकडून आपण हसतमुख बोलण्याची अपेक्षा करतो. केबिनमधला पंखा एप्रिलपासून बंद आहे. त्यांना स्वच्छतागृहासाठी मागच्या गल्लीपर्यंत जावं लागतं आणि तेवढ्या वेळात गेटवर कुणी नसलं की ओरडाही त्यांनाच. तळमजल्यावरची जुनी मीटर-खोली रिकामी आहे, नळ तिथपर्यंत आहे. खर्चाचा अंदाज मी प्लंबरकडून घेतला आहे, तो खजिनदारांना दिला आहे. रौप्यमहोत्सवाच्या रोषणाईतून थोडे दिवे कमी केले तरी काम होईल. मी दिव्यांच्या विरोधात नाही.

आणि हो, मामांच्या वेळी इंटरकॉम का लागला नाही? केबिनमधली यादी जुनी आहे. त्यातले कित्येक भाडेकरू केव्हाच सोडून गेले, पुष्कळांचे नंबर बदलले. रक्षक फोन लावतो, कुणी उचलत नाही आणि पाहुणा उभा राहतो. दाराजवळच्या टेबलावर कोरे फॉर्म ठेवले आहेत, पेनही बांधून ठेवलं आहे. फ्लॅट नंबर, दोन मोबाइल नंबर, घरी ज्येष्ठ नागरिक एकटे असतील तर तसं. प्रत्येकाने वडा घ्यायच्या आधी तो भरून द्यावा. सेक्रेटरी स्वतः तिथे बसणार आहेत, फॉर्म मिळाल्यावरच कूपन देतील.