काटकसरीचा वारसा आणि मातृऋण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चिंचवड येथे आयोजित मातृवंदना कार्यक्रमातील व्याख्यान)



आईविषयी गोड बोलणे सोपे असते, तिच्या हिशेबाविषयी बोलणे थोडे अवघड. मी आज हिशेबाविषयी बोलणार आहे. श्रोत्यांमध्ये बहुसंख्य मंडळी व्यापारी असल्यामुळे या विषयास कोणाची हरकत नसावी.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या माळरानाचे रूप पालटले. त्या काळात नगर, शिरूर या भागांतून आपली अनेक कुटुंबे येथे आली. पुढे दुकान, मागे एक खोली, असा तो संसार. दुकानाचा जमाखर्च वहीत लिहिला जाई. मागच्या खोलीचा जमाखर्च कोठेही लिहिला जात नसे. तो आईच्या मनात असे.

आम्ही आईला ‘बाई’ म्हणत असू. बाई पुडीचा दोरा सोडवून गुंडाळून ठेवीत. कागद सरळ करून गादीखाली जाई आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर आम्ही गणिते सोडवीत असू. साबणाचे उरलेले तुकडे नव्या वडीला चिकटत. धोतराचे आयुष्य धोतरावर संपत नसे. त्याचे पाणी गाळण्याचे फडके होई, मग पुसणे होई. जेवण झाल्यावर ताटात थोडे पाणी फिरवून ते पिऊन टाकावे, ही रीत तर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी होती. त्यामागचे शास्त्र आम्हाला पुष्कळ नंतर कळले. उष्टे अन्न एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटे, तसेच राहिले तर त्यात जीवोत्पत्ती होते, म्हणून कण वाया जाऊ द्यायचा नाही. पाणी गाळल्यावर फडक्यावरचे जीव पुन्हा मूळ पाण्यात सोडायचे, हेही त्याच जातकुळीचे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग-परिमाण आहे आणि अनर्थदंड-विरमणही आहे. पहिले सांगते, उपभोगाला मर्यादा घाल. दुसरे सांगते, निष्कारण हिंसा आणि निष्कारण नाश टाळ. बाईंनी ही नावे क्वचितच उच्चारली असतील, परंतु नळ ठिबकत असेल तर त्या झोपेतून उठून बंद करीत. 2019 च्या नोव्हेंबरपासून आपल्या शहरात पाणी दिवसाआड येऊ लागले, तेव्हा ज्या घरांत ही सवय टिकून होती त्यांना फारशी अडचण जाणवली नाही. इतरांनी टाक्या वाढवल्या!

परंतु काटकसरीचे कौतुक करताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. व्रत हे स्वेच्छेने घेतलेले असते. घरात सर्वांची जेवणे झाल्यावर तळाशी उरलेल्या आमटीत पाणी घालून जी जेवते, तिचे ते व्रत होते की नाइलाज, हे आपण कधी विचारले का? स्वतःसाठी नवे लुगडे न घेणारी आई मुलाच्या फीसाठी डब्यातून नोटा काढते. त्या नोटा दिसतात, न घेतलेले लुगडे दिसत नाही. काटकसर सर्वांनी मिळून केली तर तो घराचा संस्कार होतो. एकटीनेच केली तर तिला दुसरे नाव द्यावे लागेल.

या संदर्भात आपल्याच समाजातील एका मातेचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 1887 सालचा, कोल्हापूरजवळच्या कुंभोज येथील जैन कुटुंबातला. रयत शिक्षण संस्था त्यांनी 1919 मध्ये काले येथे स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहात व एका पंक्तीला जेवत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव हिंडत आणि मागे मुलांचे अन्न सांभाळत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या स्त्रीने दलित मुलांनाही पोटच्या मुलांप्रमाणे जवळ केले. धान्य संपले, पैसा संपला, तेव्हा त्यांनी एकेक दागिना दिला. अखेरीस मंगळसूत्रही दिले.

मंगळसूत्राची ही हकिकत आपण सर्वांनी ऐकली आहे. माझे म्हणणे असे की ती सांगून आपण फार लवकर थांबतो. दागिना एकदाच मोडता येतो. स्वयंपाक रोज करावा लागतो. आज किती मुले जेवणार, पीठ किती भिजवायचे, उद्याचे धान्य कोठून येणार, भाजी बाजारातून आणायची की मुलांनीच पिकवलेली वापरायची, हा हिशेब त्या माउलीने वर्षानुवर्षे केला. भाऊरावांच्या आरंभीच्या कार्यात मुष्टिफंडाचे मोल मोठे होते: घरोघरी रोजच्या धान्यातून एक मूठ विद्यार्थ्यांसाठी बाजूला काढायची. ती मूठ कोणाची? घरधन्याचे नाव यादीत असेल, परंतु मूठ गृहिणीची होती. स्वतःच्या घरासाठी काटकसर करणे आणि परक्या लेकरांसाठी काटकसर करणे, यांतील अंतर तिने त्या एका मुठीत ओलांडले. अपरिग्रहाचा याहून चांगला अर्थ मला ठाऊक नाही.

लक्ष्मीबाई 1930 साली गेल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांनी पाहिला नाही. भाऊरावांना 1959 मध्ये पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. सोलापूरच्या महिला महाविद्यालयाला लक्ष्मीबाईंचे नाव आहे, हे रयत संस्थेला भूषणावह आहे. आपल्या घरांत मात्र काय घडते?

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते. गर्भातील भगवान महावीर आपल्या हालचालीने मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून निश्चल झाले, त्यामुळे त्रिशलामाता उलट शोकाकुल झाली, आणि तेव्हाच त्यांनी माता-पित्यांच्या हयातीत दीक्षा न घेण्याचा निश्चय केला, हा प्रसंग ऐकताना आपले डोळे पाणावतात. त्याच दिवसांत काही संघांत त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांच्या बोली होतात. स्वप्ने आईची, बोली मात्र बहुधा ‘अमुक अमुक अँड सन्स’ यांची!

हे हसण्यावारी नेता येईल. पुढची गोष्ट तशी नाही. वारसा हक्काचा 1956 चा हिंदू कायदा जैनांनाही लागू आहे. वडील इच्छापत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्यांची आई, या सर्वांना सारखा वाटा मिळतो. चिंचवड-आकुर्डीच्या जागांना आज जे मोल आले आहे ते आपण जाणता. ज्या घराचे हप्ते बाईंच्या डब्यामुळे फिटले, त्याच घरासाठी बाराव्या-तेराव्यानंतर महिन्याभरात हक्कसोडपत्र पुढे ठेवले जाते आणि “बाई, इथे सही करा” असे सांगितले जाते. त्या सही करतात, कारण आयुष्यभर त्यांनी स्वतःचा वाटा सोडण्याचीच सवय लावून घेतली आहे. काटकसरीचा वारसा आपण घेतला आणि मालमत्तेचाही घेतला. कायद्याने सही वैध असेल. परंतु कागद वाचून दाखवला का, समजावला का, विचार करण्यास अवधी दिला का, हे प्रश्न प्रत्येक मुलाने स्वतःस विचारावेत. माझे स्पष्ट मत असे की आईचा वाटा तिच्या हयातीत तिच्याच नावावर राहावा. तिने पुढे तो कोणास द्यावा, हा तिचा अधिकार आहे.

शासनाने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत प्रथम बालकाचे नाव, मग आईचे, नंतर वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला. आज जन्मणाऱ्या नातवाच्या नावात सूनबाईंचे नाव असेल.

विश्वस्त मंडळास म्हणूनच माझी एक छोटी विनंती आहे. देणगीच्या पावतीवर ‘हस्ते’ अशी एक ओळ असते. तिच्याखाली ‘देणगीदाराच्या आईचे नाव’ अशी आणखी एक ओळ छापावी, आणि सभागृहातील फलकावरही ते नाव यावे. खर्च शाईपुरताच वाढेल, तेव्हा काटकसरीच्या दृष्टीनेही त्यास कोणाची अडचण नसावी. नवीन पावतीपुस्तके महोत्सवानंतर छापावयाची आहेत, असे मला कळले आहे.

जय जिनेंद्र.