घरची हत्यारे आणि इंजिनाचे सील



न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानांचा पायंडा पाडला तो 1875 साली. पुढच्याच वर्षी जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखविले. व्याख्यान आणि इंजिन ही जवळजवळ एकाच वयाची भावंडे होत. तेव्हा या व्यासपीठावरून इंजिनातील एका रबरी टोपीविषयी बोललो, तर आपण रागावणार नाही अशी आशा आहे.

आम्ही गांधीबागेत राहतो. आमच्यापाशी जुनी मारुती आठशे आहे. ही गाडी 1983 साली रस्त्यावर आली आणि 2014 साली तिचे उत्पादन थांबले. आमच्या वृद्ध आईला दवाखान्यात नेण्याचे तेच एक साधन. ती सकाळी सुरू केली की मागून निळा धूर निघे आणि कापडाचे गठ्ठे उतरविणारे हमाल तोंडाला रुमाल लावीत. शेजारी म्हणत, "काका, आता विकून टाका." एका कारखान्यात दाखविली, तर पूर्ण इंजिन उघडावे लागेल असे सांगण्यात आले. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीला भिडत होता. गाडी काढली तर आईचे कसे, हा प्रश्न होता. म्हणून, दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी धुराचा अर्थ लावावयाचे आम्ही ठरविले.

धुराला रंग असतो आणि वेळही असते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबेना, तर पाणी आत शिरत असावे. निळा धूर म्हणजे तेल जळते. पण तेल कोठून येते? चढावर, जोर लावताना सतत धूर येत असेल, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताच, किंवा उतारावर पाय सोडून पुन्हा दाबताच धुराचा लोट उठत असेल, तर संशय झडपांच्या सीलवर घ्यावा. आमची गाडी या दुसऱ्या जातीची निघाली. सिलिंडरांतील दाबही मोजून घेतला. तो ठीक होता.

हे सील करते काय? इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेते तेव्हा प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडते. तिची दांडी ज्या नळीत सरकते तीत मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच फट असते. दांडीला वंगण हवे, पण थोडे. सील तेल पूर्णपणे अडवीत नाही. ते मोजून सोडते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक झाले की हा हिशेब चुकतो.

आता खरी अडचण. सील बदलण्यासाठी झडपेवरची स्प्रिंग काढावी लागते. आणि स्प्रिंग काढली की झडप खाली सिलिंडरात पडते. म्हणून हेडच उतरविण्याची रीत आहे. पण झडपेला खालून आधार दिला तर? आम्ही कपडे वाळत घालण्याची दोरी घेतली. बॅटरीची तार सोडविली, रॉकर काढले, म्हणजे सर्व झडपा बंद झाल्या. पिस्टन खाली नेऊन स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी आत सोडली. तिचे टोक मात्र बाहेर राखले. मग पान्याने, हाताने, हळू पिस्टन वर आणला. दोरीची गादी झडपांना टेकली.

स्प्रिंग दाबण्यासाठी इतवारीच्या लोहा ओळीतून नळाचा तुकडा आणला आणि बाजूला खिडकी कापली. हेडवर रिकाम्या झालेल्या भोकांत पट्टी बोल्टाने आवळून तिच्या आधाराने तरफ दाबली. खिडकीतून चुंबकाने दोन अर्धगोल लॉक उचलले. जुने सील पक्कडीने फिरवीत ओढले. नव्याला तेल लावले, दांडीच्या खाचेवर प्लॅस्टिकची पातळ पट्टी गुंडाळली, म्हणजे सीलची कड चिरत नाही. आणि योग्य मापाच्या गोटीने ते सरळ दाबून बसविले.

येथे आमची एक फजिती सांगितलीच पाहिजे. तिसऱ्या झडपेचे लॉक उडाले आणि तेल खाली जाण्याच्या भोकात गेले. ते काढण्यास संपूर्ण संध्याकाळ गेली. भोकांत चिंध्या कोंबून ठेवण्याचे आम्ही विसरलो होतो. डोळ्यांवर चष्मा होता, म्हणून डोळा वाचला. त्या दिवशी एक गोष्ट पटली. घरचे हत्यार ओबडधोबड चालेल. घरची सावधगिरी ओबडधोबड चालत नाही.

शेवटी प्रत्येक दांडीवर लाकडी ठोकळ्याने हलके ठोकून लॉक बसल्याची खात्री केली, दोरी काढली, रॉकर जागी बसवून झडपांची फट मोजून लावली, आणि चालू करण्यापूर्वी इंजिन दोन फेरे हाताने फिरविले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली. पहिले काही क्षण जुना साठलेला धूर निघाला, नंतर थांबला.

यावरून प्रत्येकाने घरीच इंजिन उघडावे असे आम्ही म्हणत नाही. दाब कमी असेल, दांडीची नळीच झिजली असेल, तर नवे सील फार दिवस टिकणार नाही. तेथे कुशल कारागिराकडेच जावे. आमचे सांगणे इतकेच की, कारागिराकडे जाणाऱ्यानेही दुखणे काय आहे हे समजून जावे. ज्याला दुखणे कळते त्याला औषध स्वस्त पडते, आणि फसविले जाण्याची भीतीही उरत नाही.

आमची आई परवाच दवाखान्यातून परतली. गाडीतून उतरताना ती मागे वळून पाहत होती. म्हणाली, "धूर नाही रे आज." आमच्या सर्व दुरुस्तीचे मोल आम्हांला तेवढ्यात मिळाले.