हाताची घडी सोडताना

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू आयटीत आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर आपली मुलं माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मी मानेवर बोलते. ते हसले. मग म्हणाले, "बोल बाई, माझीही दुखते."

आज सकाळी शाळेच्या फाटकातून आत आले. तीस वर्षांत चेहरे बदललेत, काहींचे केस गेलेत, काहींचे पांढरे झालेत. पण तुमच्यातल्या कितीतरी जणांना मी पाठमोरं, नुसत्या चालीवरून ओळखलं. आणि मला कशावरून ओळखलं ठाऊक आहे? माझी बाकावरची मैत्रीण मागून आली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "अगं, तुझी पोक कुठे गेली?" आज मला त्या पोकेचीच गोष्ट सांगायची आहे.

आपल्या वर्गात 'नीट बसा' याचा अर्थ एकच होता. हाताची घडी, तोंडावर बोट. बाई, रागावू नका. साठ मुलांचा वर्ग सांभाळायचा तर दुसरा उपाय नव्हता, हे आता आई झाल्यावर कळतं. पण आमच्या डोक्यात बसलं ते असं, की नीट बसणं म्हणजे न हलणं आणि न बोलणं. हलायचा तास एकच, पी.टी.चा. 'सावधान, विश्राम' झालं की मुलगे बॅट घेऊन मैदानात पळायचे आणि आम्ही बऱ्याच जणी पायऱ्यांवर बसून जर्नल पूर्ण करायचो. दहावीत तर प्रिलिम जवळ आली आणि पी.टी.चा तास गणिताला गेला. तो अजून परत मिळालेला नाही.

मुलींसाठी अजून एक गोष्ट होती, ती कुणी फळ्यावर लिहिली नव्हती. सातवी-आठवीत उंची वाढली, शरीर बदललं, आणि आम्ही खांदे पुढे ओढून, दप्तर छातीशी धरून चालायला लागलो. घरी कुणीतरी म्हणायचंच, "मुलीच्या जातीनं असं छाती काढून चालू नये." मग डोंबिवलीच्या पुलावरची गर्दी आली. त्या गर्दीत बॅग पुढे, कोपर बाहेर, मान खाली घालून चालणं हे आम्हाला आमचं संरक्षण वाटायचं. तेव्हा ते होतंही. प्रश्न असा, की गर्दी संपल्यावरही आम्ही तशाच चालत राहिलो.

२००१ मध्ये इंजिनियर झाले आणि अंधेरीला नोकरी लागली. डोंबिवली ते दादर, दादर ते अंधेरी. लेडीज डब्यातली चौथी सीट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. तिघींच्या बाकड्यावर चौथी बसते ती अर्ध्या मांडीवर, एक पाय बाहेर रोवून, जरा तिरकी. मिळाली तरी उपकार. पुढे ऐरोलीला काम मिळालं, ठाण्याला गाडी बदलून जायला लागले, पण बसायची सवय तीच. ऑफिसात चांगली गुबगुबीत फिरती खुर्ची होती, आणि मी तिच्या पुढच्या कडेवर बसायचे. मीटिंगमध्येही तशीच. जणू कुणीतरी येऊन म्हणणार आहे, "सरका जरा."

त्याचा परिणाम कामावर झाला, म्हणून ही गोष्ट सांगते. २०१८ ची गोष्ट आहे. एका मोठ्या बदलाच्या आधीच्या बैठकीत मला एक चूक दिसत होती. मी बोललेही, पण इतक्या हळू की वाक्य टेबलाच्या पलीकडे पोचलं नाही. "काही म्हणालीस का?" असं कुणीतरी विचारलं, आणि मी म्हटलं, "नाही, काही नाही." चार दिवसांनी रात्री दोन वाजता सिस्टिम बंद पडली. जिथे मला शंका होती, नेमकी तिथेच. आम्ही अकरा जण सकाळपर्यंत जागत होतो. त्यातल्या एकाची मुलगी दवाखान्यात होती. दोष इतरांना कसा देऊ? ते "काही नाही" माझ्याच तोंडून आलं होतं.

मग मार्च २०२० आला. तुमच्यासारखंच माझंही ऑफिस घरात आलं. कधी जेवणाच्या टेबलावर, कधी इस्त्रीच्या टेबलावर, कधी पलंगावर लोडाला टेकून. वर्षभरात मान आखडली, उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाडं ठीक आहेत म्हणाले आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या बाईंनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा, कंबर, खांदे, डोकं. माझं डोकं भिंतीला टेकेचना. टेकवायला गेले की हनुवटी वर जायची. मग त्या म्हणाल्या, "मोठा श्वास घ्या." घेतला. त्या म्हणाल्या, "एवढाच? एवढ्या श्वासात तुम्ही वाक्य पुरं कसं करता?"

मी गप्पच झाले. कारण मी वाक्य पुरं करतच नव्हते. वाकून बसलं की बरगड्यांना फुलायला जागा राहत नाही, श्वास वरवरचा होतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज विरतो. मराठीच्या बाई समोर आहेत म्हणून सांगते, आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. माझं क्रियापदच गिळलं जायचं. 'हे असं करायला' एवढं ऐकू येई. 'हवं' की 'नको' ते कळत नसे.

मानेचं काय होतं ते आपल्या विज्ञानाच्या सरांनी शिकवलेल्या तरफेच्या नियमानं कळतं. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. ते खांद्यांच्या बरोबर वर असलं तर मणका सहज पेलतो. पुढे झुकलं की पाण्याची बादली अंगाशी न धरता हात लांब करून धरावी तसं होतं. केनेथ हंसराज या न्यूयॉर्कच्या शल्यविशारदांनी २०१४ मध्ये याचा हिशेब मांडला. मान १५ अंश पुढे झुकली तर मानेच्या मणक्यावरचा भार सुमारे १२ किलो होतो, ६० अंशांत सुमारे २७ किलो. म्हणजे भरलेल्या गॅस सिलिंडरच्या जवळपास. हा गणितानं काढलेला अंदाज आहे, घाबरून जायचं कारण नाही. मान तेवढी मजबूत असते. पण सिलिंडर दिवसाचे आठ तास कुणी उचलून धरत नाही.

मग मी काय केलं? आधी उलटी चूक केली. काठीसारखी ताठ बसायला लागले. दोन दिवसांत कंबर धरली. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "तुम्ही परत हाताची घडीच घातलीत. फक्त ताठ घातलीत." त्यांचं म्हणणं असं, की एकच एक उत्तम बैठक नसतेच. कितीही चांगली बैठक तासभर धरली की ती वाईट होते. शरीराला हालचाल हवी असते.

हे नुसतं मानेपुरतं नाही. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. गाडी तीच, रस्ते तेच. फरक होता तो बसण्या-हलण्याचा. आपल्यातले जे दुकानात, बँकेत, शिवणयंत्रापुढे किंवा रिक्षात दिवसभर बसतात, त्यांनाही हे लागू आहे.

माझे उपाय साधे आहेत. लॅपटॉपखाली दोन जाड शब्दकोश ठेवले, पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर आणली आणि कीबोर्ड वेगळा घेतला. कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी. खुर्चीत मागपर्यंत सरकून बसते, पूर्ण सीट घेऊन. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवते, म्हणजे उठावं लागतं. अर्ध्या तासानं उभी राहते. फोन आला की चालत बोलते. फलाटावर गाडीची वाट बघताना टाचा वर-खाली करते, लोक बघतात, बघू देत. बॅग दोन्ही खांद्यांवर. आणि रोज सकाळी वीस मिनिटं व्यायाम, त्यात सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते. त्यांचा तास गणितानं घेतला नसावा. एक मात्र सांगते, हाताला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर माझं भाषण ऐकून व्यायाम सुरू करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

आता आत्मविश्वासाबद्दल. २०१० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला. दोन मिनिटं ऐटीत, हातपाय पसरून उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि माणूस धीट होतो, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या ऑफिसच्या प्रशिक्षणातही ते शिकवलं गेलं. मी मीटिंगआधी बाथरूममध्ये कमरेवर हात ठेवून उभी राहिले आहे, हसू नका! पण २०१५ मध्ये सुमारे २०० जणांवर तोच प्रयोग पुन्हा झाला. लोकांना जरा बरं वाटलं, पण संप्रेरकं बदलली नाहीत. मूळ अभ्यासातल्या एका संशोधिकेनंच पुढे त्यावरचा विश्वास मागे घेतला. म्हणजे दोन मिनिटांच्या ऐटीतून संप्रेरकं काही बदलत नाहीत.

मला त्यापेक्षा आपल्या पुण्यातली गोष्ट पटते. बी.के.एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात योग शिकवायला आले. लहानपणी अनेक दुखण्यांनी खंगलेला, क्षय झालेला मुलगा तो. १९५२ मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन भारतात आले. वादनानं आणि दौऱ्यांनी त्यांचं शरीर आखडलं होतं. मुंबईत अय्यंगारांना त्यांनी जेमतेम पाच मिनिटं दिली होती, पण ती भेट चांगलीच लांबली. १९५४ मध्ये मेनुहिननी त्यांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं आणि एक घड्याळ भेट दिलं. त्यावर अय्यंगारांना आपला सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक म्हटलं होतं. अय्यंगारांनी त्यांना व्हायोलिनचा एक सूरही शिकवला नव्हता. शिकवलं ते उभं राहणं, खांदे मोकळे करणं, श्वास घेणं. कला मेनुहिनांचीच होती. शरीर तिच्या आड येत होतं, ते बाजूला झालं.

माझंही तसंच झालं, अर्थात व्हायोलिनशिवाय. मला काम येत होतं. ते बोलायला श्वास पुरत नव्हता. पण नुसत्या श्वासानंही भागलं नाही. बोलायचा सराव वेगळा करावा लागला. मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत एक तरी वाक्य, शेवटच्या शब्दापर्यंत, असा मी नियम केला.

२०२३ मध्ये पुन्हा तसाच प्रसंग आला. पुन्हा एक बदल, पुन्हा मला एक चूक दिसली. मी बोलायला लागले आणि मध्येच कुणीतरी विषय पुढे नेला. मी उठले, फळ्याजवळ गेले, दोन्ही पाय नीट टेकले आणि म्हटलं, "थांबा, माझं पुरं व्हायचंय." आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. काम दोन दिवस पुढे ढकललं, चूक दुरुस्त झाली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, बढतीही मिळाली नाही. पण त्या रात्री सगळे आपापल्या घरी झोपले.

माझी मुलगी आता नववीत आहे. परवा ती मोबाइलवर वाकून बसली होती. माझ्या तोंडून आलं, "नीट बस!" ती लगेच ताठ झाली आणि दोन मिनिटांत परत वाकली. मग मी म्हटलं, "चल, खाली एक चक्कर मारून येऊ." ती आली. चालताना तिनं दप्तरासारखा फोन छातीशी धरला होता. बागेच्या वळणावर तिचे हात आपोआप मोकळे झाले आणि ती मला शाळेतलं एक भांडण सांगायला लागली, अगदी शेवटापर्यंत.

सर, बाई, तुम्ही आम्हाला शिस्त लावलीत म्हणून आम्ही इथवर आलो. आज एकच मागणं आहे. शाळेत जे आता शिकवतात त्यांना सांगा, प्रिलिम आली तरी पी.टी.चा तास ठेवा. आणि मुलींना पायऱ्यांवर बसू देऊ नका.

आणि वर्गमित्रांनो, मघापासून तुम्ही फार वेळ बसलात. पी.टी.चे सर इथे आहेतच. सर, तीस वर्षांपूर्वीचा एक तास बाकी आहे आमचा. आता जेवणाआधी पाच मिनिटं तरी घ्या. मी सुरुवात करते. सगळे उभे राहा. हाताची घडी सोडा.