बोअरचं वकीलपत्र
(वसंत व्याख्यानमाला, वाशी)

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या उकाड्यात पंखा सोडून पुढं येऊन बसलेल्या मंडळींनो,

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, इथपासूनचं सगळं तुम्हाला पहिल्या दिवशीच्या वक्त्यानं सांगितलंच असेल. ते सोडतो. काल इथं पीकविम्यावर व्याख्यान झालं. आज कुत्र्याच्या डोळ्याखालचे तांबडे डाग. (हशा) हसा की. मघाशी चहाच्या टपरीवर एकानं विचारलंच, “डॉक्टर, माणसांची रडगाणी संपली का?” नाही संपली. पण पांढरं कुत्रं घेऊन दवाखान्यात येणारा जो तो म्हणतो, “बोअरचं पाणी बाधलं.” त्या बोअरचं वकीलपत्र घेऊन मी उभा आहे.

हे डाग पूर्वी नव्हते असं नाही, दिसत नव्हते. आपली उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी. तिचा डोळा गळला तर हात लावल्याशिवाय कळत नाही. पुढं १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला. त्यातला टफी जातीनं इंडियन स्पिट्झ, आपल्याकडं त्याला सरसकट पामेरियन म्हणतात. पांढरं कुत्रं सोप्यात आलं आणि डाग डोळ्यात भरला.

आता हा रंग कुठला? शरीरात जुन्या तांबड्या पेशी मोडतात, त्यातून पोर्फिरिन नावाची द्रव्यं निघतात. ती बरीचशी पित्तावाटे, विष्ठेवाटे जातात, थोडी अश्रूंत आणि लाळेत उतरतात. म्हणून सारखा पंजा चाटणाऱ्या कुत्र्याचा पंजाही तांबडा होतो. ऊन लागलं की रंग गडद होतो, केस सतत ओले राहिले की बुरशी बसते, वास येतो. म्हणजे गंज बोअरमधून आलेला नाही, कुत्र्यानं तो घरीच तयार केलाय!

(एक श्रोता : पण आमच्या बोअरला क्षार लई आहेत.) असतील. तुमची घागर पांढरी पडत असेल, नळ चोंदत असेल, ते मला मान्य. पण मला एवढं सांगा, कित्येक कुत्र्यांचा एकच डोळा गळतो. बोअरचं पाणी नेमकं डाव्या डोळ्यातच कसं उतरतं? (हशा, टाळ्या)

यावरून आठवलं. येरमाळ्याकडच्या एक आजी होत्या. घरातली माणसं बोअरचं पाणी पीत आणि कुत्र्याला विकतचा जार! (हशा) तरी डावा गाल तांबडाच. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला बारीक नळी असते. ती उघडी आहे का हे बघायला फ्लुरेसिन नावाच्या रंगाची पट्टी ओली करून दोन्ही डोळ्यांना लावली. थोड्या वेळानं उजव्या नाकपुडीतून हिरवंगार पाणी आलं. आजी ओरडल्या, “आगं बया, विष चढलं!” बाहेर बसलेले शेळीवाले आत आले, कुणी कांदा फोडा म्हणालं, कुणी ताक पाजा. मी सांगतोय, आजी, हिरवं आलं ती बाजू चांगली, डावीकडून येत नाही ती बिघडलेली. ऐकतंय कोण? नातवानं मोबाईल काढला, त्याच्या मामाला फोन लागला, मामा मलाच दरडावतोय. शेवटी कुत्र्याला भूल देऊन डावी नळी मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं धुतली, तर नाकातून बाहेर काय आलं? कुसळ! माळावरच्या गवताचं. आजी जाताना म्हणाल्या, “तरी जार बंद करायचा नाही हं.” (मोठा हशा)

अध्यक्षांनी घड्याळ पुढं सरकवलंय, आणि उपचार तर राहिलेच. भराभर सांगतो. अचानक एकच डोळा गळायला लागला, कुत्रं डोळा मिटून घेतंय, पू येतोय, बुबुळ धुरकट दिसतंय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरातले माणसांचे थेंब टाकू नका. त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळाला जखम असली तर डोळा फुटू शकतो. पापणी आत वळलेली, केस बुबुळाला घासणारे, नळीचं तोंड जन्मतःच बंद, हे सगळं दुरुस्त होतं. शिह त्झू, पग यांची तोंडं आपणच पैदास करून चपटी केली. त्यांचं पाणी पूर्ण थांबेल असं वचन मी देणार नाही. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या धुरातही कुत्रं नेऊ नका. (तेरखेड्याच्या मंडळींकडून निषेध) बरं, दिवाळी सोडून न्या.

सगळं तपासून डोळा ठीक निघाला, तर दिवसातून दोनदा उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा आणि लगेच कोरडं करा. कोरडं करणं विसरू नका. रंगलेला केस पांढरा होत नाही, नवा येईपर्यंत महिने जातात.

चिठ्ठी आलीय : ऑनलाइन मिळणारी पावडर? अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ साली अशा काही पावडरी विकणाऱ्यांना ताकीद दिली; त्यांत टायलोसिन हे प्रतिजैविक होतं आणि कुत्र्यांसाठी त्याला मंजुरी नव्हती. डाग घालवायला महिनोन्‌महिने प्रतिजैविक चारायचं? मी देत नाही. दुसरी चिठ्ठी : लिंबू चोळावं का? स्वतःच्या डोळ्याजवळ आधी चोळून बघा. (हशा) हायड्रोजन पेरॉक्साइडही नको.

तिसरी चिठ्ठी बैलाच्या डोळ्यातल्या जंताची आहे. तो माश्यांमुळं होतो, आणि त्याला वेगळा तास लागेल. कुत्री बाहेर बांधून आलात ते दिव्याखाली थांबा, बॅटरी आणलीय मी.