छांगू तळ्याकाठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सिक्कीमच्या प्रवासाविषयी चार शब्द सांगावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. सगळा प्रवास सांगायला बसले तर अल्पोपहार थंड होईल. तेव्हा एकाच दिवसाची हकीकत सांगते. तीत माझी फजितीही आहे.

काही वर्षांपूर्वी दिवाळी उरकून मी आणि माझ्या थोरल्या वन्सं गंगटोकला गेलो. तेव्हा त्यांचे वय ६८, माझे ६२. तिथून सुमारे ४० किलोमीटरवर छांगू तळे आहे. त्यालाच त्सोम्गो असेही म्हणतात. रस्ता पुढे नथुला खिंडीकडे, सरहद्दीवर जातो. म्हणून फोटो आणि ओळखपत्र देऊन आधी परवाना काढावा लागतो. बर्फाचा खरा मोसम डिसेंबरनंतरचा. पण आमच्या भाग्याने आदल्या रात्रीच बर्फ पडला. ती बातमी ऐकून आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या हरखून गेलो.

सकाळी निघालो. वळणामागून वळण घेत गाडी चढत होती, झाडी विरळ होत होती. सीमा रस्ते संघटनेचे कामगार रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारीत होते. त्यांच्या कष्टांवर आपली मौज उभी असते, हे तिथे मनोमन पटले.

आणि मग तळे दिसले! किलोमीटरभर लांब, लंबगोल. अजून गोठले नव्हते. चहूकडे पांढरे डोंगर आणि मध्ये गडद निळे पाणी. काठावर रंगीत झुली घातलेले याक उभे. भाड्याचे गमबूट चढवून आम्ही खाली उतरलो. वन्संनी ओंजळीत बर्फ घेतला आणि म्हणाल्या, "अगं, रांगोळीसारखा भुरभुरतोय!"

माझे डोके मात्र केव्हाचे ठणकत होते. पोटात ढवळत होते. पण वन्संचा आनंद कशाला मोडा, म्हणून गप्प राहिले. पुढे आणखी उंचावरच्या बाबा मंदिराला जायचे ठरले होते. "जायचे ना?" असे चालकाने विचारताच आम्ही दोघी एकदमच "हो" म्हणालो. गाडीकडे वळताना माझा झोक गेला. वन्संनी हात दिला, तर त्यांचाच हात लटपटत होता!

पूर्वी लामा या तळ्याच्या पाण्याचा रंग पाहून भविष्य सांगत, अशी आख्यायिका आहे. आमच्या चालकाने आमच्या ओठांचा रंग पाहिला. निळसर झाला होता. तो म्हणाला, आता वर नाही, खाली जायचे. गाडीत बसल्यावर वन्सं हळूच म्हणाल्या, "माझं तर वाटेतच डोकं दुखायला लागलं होतं. म्हटलं, तुझा विरस कशाला करू?"

दोघी एकमेकींसाठी दुखणे लपवीत होतो आणि दोघी मिळून संकटाकडे निघालो होतो!

यातले शास्त्र साधे आहे. गंगटोक सुमारे ५,४०० फुटांवर, तर तळे १२,३०० फुटांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी; म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तितकाच कमी. काही तासांत सात हजार फूट चढल्यावर शरीराला सवय व्हायला अवधीच मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही पहिली सूचना. ती मिळाली की आणखी चढू नये, सोबत्यांना सांगावे. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा स्वस्थ बसूनही धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता खाली उतरावे आणि डॉक्टर गाठावा. आम्ही उतरू लागलो तसतसे डोके हलके झाले. गंगटोकला पोहोचेतो भूकही लागली.

भगिनींनो, दुखणे अंगावर काढणे हा आपण गुण मानत आलो. घरी तो कसाबसा निभावतो. डोंगरावर निभावत नाही. खरे तर घरीही निभावू नये. आपल्या मंडळाच्या सहलीत एवढा एक नियम करूया : "कसे वाटते?" असे विचारले की खरे उत्तर द्यायचे.

वन्सं आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे सारे सांगितले. बाबा मंदिर आमचे राहिलेच आहे. पुन्हा जाऊ, तेव्हा आधी गंगटोकला दोन-तीन दिवस मुक्काम करू आणि डोके दुखले तर दुखते म्हणून सांगू.