उतरणारी रेघ

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. म्हणजे तो आणि आपली १९९६ची दहावीची बॅच जवळपास एकाच वयाचे. केस कुणाचे जास्त पांढरे झाले, ते समोर दिसतंच आहे.

संयोजकांनी सांगितलं, "तू काय काम करतेस ते सांग." मी इंजिनिअर झाले आणि आता पुण्यात प्रयोगशाळांमधल्या उपकरणांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातलं एक उपकरण म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. नमुन्यातून प्रकाश सोडायचा आणि त्यातला किती शोषला गेला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. पण तेवढ्यावरून डीएनएने आकार कधी बदलला ते कळतं.

शाळेत आपण डीएनए शिकलो तो पीळ घातलेल्या शिडीसारखा. आजी दिव्याची वात वळायची तसे दोन पदर एकमेकांभोवती वळलेले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. डीएनएचा पीळ मात्र द्रावण तापवलं की सुटतो. पदर वेगळे झाले की २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ३० ते ४० टक्के जास्त शोषला जातो आणि स्क्रीनवरची रेघ वर चढते.

प्रोग्राम लिहिताना मला इतकंच माहीत होतं. म्हणून मी अट घातली: तापवताना रेघ उतरली तर नमुना सदोष समजायचा, रीडिंग बाद करायचं.

एके दिवशी एका संशोधक मुलीचा फोन आला. सॉफ्टवेअर तिचे नमुने सारखे बाद करत होतं. दोन महिने ती ते नव्याने बनवत होती, गाइडची बोलणी खात होती. "मॅडम, माझाच हात चुकतोय का?" तिने विचारलं.

तिचा हात चुकत नव्हता. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. तिथला सुटा पदर स्वतःवरच दुमडू शकतो. चार-चार 'जी' एका चौकोनात बसतात, चौकोनांची चळत लागते आणि मधले पोटॅशियमचे आयन ती धरून ठेवतात. या घडीला जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणतात. ती उलगडताना २९५ नॅनोमीटरला रेघ चढत नाही, उतरते. मी जिला दोष ठरवलं होतं, तीच तिच्या प्रयोगाची खूण होती.

ही घडी एकाच आकाराचीही नसते. १९९३ मध्ये सोडियमच्या द्रावणात एनएमआरने तिचा एक आकार दिसला. २००२ मध्ये पोटॅशियम असलेल्या स्फटिकात क्ष-किरणांनी दुसराच दिसला. अक्षरं तीच! म्हणून तिला बदलताना पाहावं लागतं. पुण्याच्या आयसरमध्ये प्रा. श्रीवत्सन यांचा गट डीएनएच्या अक्षरांना चमकणारे रेणू जोडतो आणि घडीप्रमाणे चमक कशी बदलते ते पाहतो. बहुतेक कॅन्सरमध्ये पेशी ही टोकं वाढवत राहतात. घडी घट्ट धरून ठेवली तर त्या वाढीला अडथळा येतो, म्हणून औषध शोधणाऱ्यांचंही तिच्यावर लक्ष आहे.

फोन ठेवल्यावर मला आपली प्रयोगशाळा आठवली. ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल होतं. माझा एक बिंदू रेषेबाहेर पडला आणि मी तो खोडरबराने पुसला. सरांनी कागद उजेडात धरला. म्हणाले, "पुसलंस ते परत लिही. ते रीडिंग तुझं आहे." वायर सैल होती, हे मग कळलं. एक मार्क गेला, आणि मी घरी जाऊन रडले.

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तो मार्क तुम्ही बरोबर कापला होता. पण तेव्हा मी एक बिंदू पुसला होता. इंजिनिअर झाल्यावर पुसणारं यंत्रच बनवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फोन करून माफी मागितली आणि तिच्या गाइडला चूक माझी होती असं लेखी कळवलं. ती अट काढून टाकली. आता अनपेक्षित रेघ स्क्रीनवर लाल रंगात दिसते आणि खाली सूचना येते: "तपासून पाहा." ती सूचना माझी नाही, सर. तुमची आहे.